एका प्रोटीनचा निरोप समारंभ

माझा निरोप समारंभ झाला तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि मला कुठेही जायचं नव्हतं. उलट मला राहायचं होतं. पालघरच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू आहे तोवर तुम्ही शिक्षक, आणि घंटा झाली की तुम्ही कोण कुठल्या, असा मामला. एप्रिलमध्ये आम्ही आपोआप संपायचो आणि जूनमध्ये प्राचार्यांचा फोन आला की अळंब्यांसारखे पुन्हा उगवायचो. त्या वर्षी मात्र आमच्या विभागात एक कायम जागा भरायची होती. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, विज्ञान दिनाला संस्थेचे अध्यक्ष येतायत. तुमचं काम त्यांच्या डोळ्यांसमोर येऊ द्या. जागेचं मी त्यांच्या कानावर घालतो." मी त्या दिवशी घरी जाताना भाजीवालीशी घासाघीससुद्धा केली नाही, इतकी खूश होते.

अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर आणायचं म्हणजे काय आणायचं, हा प्रश्न होता. ज्वालामुखी दरवर्षी असतो. सौरचूल दरवर्षी असते आणि दरवर्षी ढग येतात. मी ठरवलं की माझ्या सगळ्यात नावडत्या धड्याचं काहीतरी करायचं. नावडता मला नव्हे, मुलांना.

तो धडा प्रोटीनवरच्या खुणांचा. प्रोटीन म्हणजे डाळीच्या पाकिटावर ग्रॅममध्ये छापतात ते, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण पेशीतली बहुतेक कामं हीच प्रोटिनं करतात, आणि एखादं प्रोटीन तयार झालं म्हणजे त्याचं नशीब ठरलं असं होत नाही. पुढे आयुष्यभर त्याच्यावर बारीकबारीक रासायनिक खुणा चिकटवल्या जातात. कधी फॉस्फेट, कधी ॲसिटिल, कधी साखरेचा कण, कधी युबिक्विटिन नावाचं एक पिटुकलं प्रोटीनच. खुणा लावणारे वेगळे, वाचणारे वेगळे, पुसणारे वेगळे. बरं, एकट्या खुणेवर सहसा काही ठरत नाही. एक खूण दुसरीला बोलावते, तिसरी चौथीची जागा अडवून बसते, आणि त्या सगळ्यांचं मिळून जे काही होईल त्यावर ठरतं, की हे प्रोटीन कामाला लागणार, दुसऱ्या खात्यात जाणार की मोडीत निघणार. प्रोटीनला कुणी विचारत नाही. मुलं ही सगळी नावं पाठ करायची, पेपरात ओकायची आणि विसरायची.

मला उत्तर मिळालं ते एका सहकाऱ्याच्या सत्कारात. आमच्याकडे सत्काराशिवाय पान हलत नाही. पालघर जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून तर साहेबांची संख्या वाढली आणि त्या मानाने शालींची. बोअरवेलला पाणी लागलं, सत्कार. नाही लागलं तरी खणणाऱ्याचा सत्कार, कारण मांडव घातलेला असतो. आणि त्याचे नियम असे पक्के की लग्नात भटजी चुकेल पण सत्कारात शिपाई चुकणार नाही. आधी कुंकवाचा टिळा. टिळ्याशिवाय शाल नाही. शालीशिवाय नारळ नाही. पाहुण्याला शाल-श्रीफळ दिलं तर तो मान, आणि नोकरीतल्या माणसाला दिलं तर तो निरोप. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण मांडवातलं शेंबडं पोरही खुणा बघून सांगेल की हा माणूस आला आहे की चालला आहे. मी खुर्चीत बसल्या बसल्या मनात म्हटलं, अगं, हाच तर धडा.

मग आम्ही नाटक बसवलं. एक मुलगा प्रोटीन होणार. टिळा म्हणजे पहिलं फॉस्फेट, शाल म्हणजे दुसरं. काही प्रोटिनांत खरोखर असंच असतं, पहिलं फॉस्फेट बसल्याखेरीज दुसरं लावणारा हातच लावत नाही. दोन्ही दिसली की तिसरा येतो आणि नारळ देतो. नारळ म्हणजे युबिक्विटिन. एका नारळाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी माळ लागली की प्रोटीनची रवानगी तुकडे करणाऱ्या यंत्राकडे, आणि ते यंत्र म्हणजे हॉलचं मागचं दार. खरा नारळ एक, बाकीचे मुलींनी कागदाच्या लगद्याचे केले होते. आणि गुच्छ म्हणजे ॲसिटिल. प्रोटीनने एक हात पाठीमागे धरायचा, एकच पुढे. त्या हातात आधीच गुच्छ असेल तर नारळ द्यायला जागाच राहत नाही. पेशीत ॲसिटिल आणि युबिक्विटिन असेच एका जागेसाठी भांडतात, आणि जो आधी बसला त्याची जागा. पहिल्या प्रवेशात गुच्छ नाही, म्हणून प्रोटीन मागच्या दाराने बाहेर. दुसऱ्या प्रवेशात गुच्छ आधी, म्हणून प्रोटीन वाचतं आणि कामाला लागतं. मग टाळ्या, मग अध्यक्षांचं कौतुक, मग माझी जागा. तिसरा प्रवेश मी फक्त मनात बसवला होता.

निवेदनाला मी सातपाटीची एक मुलगी घेतली होती. तिची आई बाजारात मासळी विकते आणि आईचा आवाज लेकीने पुरेपूर घेतला आहे. तिला माईक दिला तो निव्वळ शोभेसाठी. तालमीत तिने मला विचारलं, "मॅडम, प्रोटीनला तोंड नाय का? नारळ नको तर नको म्हणावं ना त्यानं." मी तिला ठणकावून सांगितलं की नाही, प्रोटीन बोलत नाही, खुणा बोलतात, आणि स्टेजवर प्रोटीनने तोंड उघडलं तर सगळ्या विज्ञानाची माती होईल. हा नियम मीच केला होता, हे मुद्दाम सांगते.

विज्ञान दिनाला प्रोटीन आलंच नाही. प्रोटीन होणारा मुलगा बोईसरचा, कॉलेज करून तारापूरच्या एका कारखान्यात कामाला जायचा. ऐन वेळी त्याचा फोन आला, "मॅडम, दूसरी शिफ्टवाला आया नहीं, मुझे रोक लिया है." आता दुसरं प्रोटीन कुठून आणायचं? सातपाटीची मुलगी म्हणाली, "तुमीच व्हा ना, मॅडम. तुमाला तर सगळं पाठ हाय." मी झाले. त्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले होते, कारण अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर यायचं होतं. माझे केस अकाली पांढरे झालेत आणि मी ते रंगवत नाही, कारण माझा तोरा. चष्मा जाड आहे. एरवी या गोष्टींना काही अर्थ नाही.

चारला येणारे अध्यक्ष पाच वाजून गेले तरी आले नाहीत. मुलं घरच्या गाड्या चुकतील म्हणून चुळबुळ करायला लागली. प्राचार्य म्हणाले, "तुमी सुरू करा, मॅडम. साहेब आले की परत करू." आम्ही सुरू केलं. मला टिळा लागला, शाल आली, आणि "आता बगा काय होतंय ते!" असं निवेदिकेने गरजल्यावर माझ्या पुढच्या हातात नारळ पडला. नेमकी त्याच वेळी बाहेर गाडी वाजली. पाहुण्यांचा गुच्छ आणायला गेलेला शिपाई अजून उगवला नव्हता. प्राचार्य स्टेजवर धावत आले, टेबलावरचा आमचा गुच्छ, म्हणजे माझं ॲसिटिल, उचललं आणि फाटकाकडे पळाले.

अध्यक्ष आदल्या कुठल्याशा कार्यक्रमातून थेट आले होते. डोक्यावर तिथला फेटा तसाच. मागे फोन उंच धरून फोटो काढणारी मंडळी. ते तडक स्टेजवर चढले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पांढरे केस, जाड चष्मा, ठेवणीतली साडी, कपाळावर टिळा, खांद्यावर शाल, हातात नारळ. यातली एकेक खूण वेगळी पाहिली असती तर त्यांनी निदान विचारलं तरी असतं. सगळ्या एकत्र पाहिल्यावर विचारण्यासारखं काही उरलंच नाही. त्यांनी निवेदिकेच्या हातातला माईक घेतला.

"मित्रहो," ते म्हणाले, "निरोपाचा क्षण हा नेहमीच जड असतो."

मला आधी वाटलं की ते प्रोटीनबद्दल बोलतायत. क्षणभर मला भरूनही आलं, की बाई, हा माणूस धडा वाचून आलाय.

"मॅडमनी आपलं उभं आयुष्य या संस्थेला वाहिलं. किती पिढ्या घडवल्या! आता मॅडम, तुम्ही विश्रांती घ्यायची. तीर्थयात्रा करायची. नातवंडांत रमायचं."

माझी मुलगी चौथीत होती आणि पहिल्या रांगेत शेंगदाणे खात बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "आई, आपण कुठे जातोय?" दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

मी प्राचार्यांकडे सरकले आणि कुजबुजले, "सर, हे मॉडेल आहे. सांगा ना त्यांना."

"थांबा मॅडम. साहेब बोलतायत."

"म्हणूनच सांगा."

"बोलून झालं की सांगतो."

बोलून झालं आणि प्राचार्यांच्या हातात माईक आला. आमच्याकडे साहेबांच्या भाषणानंतर जे भाषण होतं त्यात साहेबांच्या उलट बोलायची पद्धत नाही. तसं झालेलं निदान मी तरी ऐकलेलं नाही. प्राचार्यांनी माझ्याकडे न बघता घसा खाकरला आणि म्हणाले, "साहेबांनी अगदी मनातलं सांगितलं. मॅडमच्या जाण्याने झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही." टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी माझ्याकडचा नारळ एकदा परत घेऊन, फोटोसाठी, स्वतःच्या हस्ते मला पुन्हा दिला. आणि मी, जी वर्गात मागच्या बाकावर कुजबुज झाली तर खडू फेकून मारते, ती मी उभी राहिले आणि हसले. फोटोत मी हसते आहे. कारण आधी नियम आठवला की प्रोटीन बोलत नाही, आणि मग भीती वाटली की आत्ता यांना चारचौघांत खोटं पाडलं तर जागा गेलीच म्हणून समज. अध्यक्ष पुढच्या सत्काराला निघून गेले. सातपाटीची मुलगी कागदी नारळांची माळ हातात घेऊन तशीच उभी होती. म्हणाली, "मॅडम, आपला दुसरा प्रवेश ऱ्हायला ना."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. आठवड्याभरात ते हसायचे थांबले. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'भावपूर्ण निरोप' म्हणून फोटो पडला होता आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. फोटो पाहिलेल्या माणसाला मी "अहो, मी जात नाहीये" म्हटलं की तो माझ्या दंडावर थोपटायचा. "सुरुवातीला जड जातंच," असं एक जण म्हणाले. फिजिक्सवाल्या सरांनी माझ्या कप्प्यात स्वतःचा डबा ठेवायला सुरुवात केली. क्लार्कने प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मागून घेतली, अगदी अदबीने. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं त्यात माझे तास नव्हते. ते तुकडे करून वाटलेले होते, दोन याला, तीन त्याला, आणि ज्याला पेशी आणि पेशवे यांतला फरक विचारून घ्यावा लागतो त्याला चार. मी रोज हजर होते, शिकवत होते, चहाला बोलत होते, आणि माझ्याविषयीची सगळी कामं मी गेल्यासारखी चालू होती.

पेशीत चुकीचं लागलेलं युबिक्विटिन काढून टाकणारीही एन्झाइम असतात. पेशी इतकी वर्षं टिकली ती काही उगाच नाही. आमच्या कॉलेजात तसं एन्झाइम एकच, प्राचार्य. मार्चमध्ये मी त्यांना दोनदा गाठलं. "सांगतो, सांगतो. साहेबांचा मूड बघून सांगतो," ते म्हणाले. साहेबांचा मूड एप्रिलभर सापडला नाही आणि मे महिन्यात साहेब परगावी होते.

जून उजाडला. फोन हाताशी ठेवून मी स्वयंपाक करायचे, फोन हाताशी ठेवून कपडे वाळत घालायचे. एका सकाळी कॉलेजचा नंबर दिसला आणि माझ्या हातून पोळी करपली. क्लार्क बोलत होता. "मॅडम, त्या निरोपाची शाल तुमच्याकडंच ऱ्हायली. कॉलेजची हाय ती. नवीन वर्षाच्या सत्काराला लागंल ना." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. धड्यात हेही आहे. यंत्र प्रोटीनचे तुकडे करतं, पण युबिक्विटिनचे करत नाही. ते आधी सोडवून घेतलं जातं आणि दुसऱ्या कुणाला तरी लावलं जातं. मला हे पाठ होतं. तरी मी ओट्याशी उभी राहून रडले, आणि रडताना अध्यक्षांपेक्षा मला त्या 'लागंल ना'चा राग जास्त आला.

शाल धुऊन, इस्त्री करून मी निघाले तर सासूबाईंनी दारात अडवलं. आमचं घर केळव्याच्या बाजूला, वाडीतलं. परसात नारळ आहेत. परक्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, वाटीत चार दाणे साखर तरी घालायची, ही त्यांची शिस्त. "शाल झाली तरी काय, रिकामी नाय द्यायची," त्या म्हणाल्या आणि सोललेला, शेंडीचा एक नारळ त्यांनी शालीच्या घडीवर ठेवला. मी दोन्ही घेऊन निघाले. सासूबाईंच्या उलट बोलायचीही आमच्याकडे पद्धत नाही.

कॉलेजचा पहिला दिवस होता. केबिनमध्ये सरस्वतीपूजन नुकतंच आटोपलं होतं आणि टेबल पूजेच्या ताटांनी भरलेलं होतं. प्राचार्यांच्या कपाळावर ठसठशीत कुंकवाचा टिळा. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि नंतरही मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांची खटपट चाललेली सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. उपप्राचार्यांना ती जास्तच ठाऊक होती, कारण त्यांना तीच खुर्ची हवी होती.

"सर," मी म्हटलं, "माझे तास नाहीत?"

"मॅडम, माझे हात बांधलेले हायत. तुमाला परत घेतलं तर साहेबांनी दिलेला निरोप खोटा ठरंल."

"तो खोटाच होता, सर. तुम्ही तिथे होता. गुच्छ तुम्ही पळवलात."

"असंल. पण साहेबांच्या हस्ते झाला ना."

"आणि ती कायम जागा? ती कुणाला दिली?"

प्राचार्यांना हा प्रश्न आवडला. ते जरा पुढे सरसावले. "कुणालाच नाय! बगा, तुमच्याबद्दल किती आदर हाय. पोकळी भरून निघणार नाय असं आपण जाहीर बोललो ना? मग ती भरायची कशी? ठेवली तशीच."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ते भित्रे आहेत. ते भित्रे नव्हते, ते समाधानी होते, आणि त्या समाधानाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाल मी टेबलावरच ठेवणार होते. खरंच. पण टेबलावर ताटांमुळे जागा नव्हती, आणि प्राचार्य मला निरोप द्यायला उठून उभे राहिले होते, कपाळावर टिळा घेऊन. मी घडी उलगडली, शाल त्यांच्या खांद्यांवर नीट घातली, पुढची टोकं सारखी केली आणि त्यांच्या हातात नारळ दिला. वाकून नमस्कारही केला.

दार उघडंच होतं. बाहेरून उपप्राचार्य नव्या शिक्षकांना घेऊन चालले होते. ते थबकले. त्यांनी टिळा पाहिला, शाल पाहिली, नारळ पाहिला, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"सर! अहो, आजच? आम्हाला कळवायचं तरी!"

क्लार्क शाल न्यायला आला होता. त्याने पुढे होऊन प्राचार्यांच्या पायांना हात लावला आणि डोळे पुसले. नव्या शिक्षकांपैकी एकाने फोन वर धरला. मागे गर्दी जमू लागली आणि त्या गर्दीतून सातपाटीचा तो आवाज आला, "अगं बाय, सर चालले!"

"नाय, नाय! हे काय नाय!" प्राचार्य ओरडत होते. "काढा! काढा ही आधी!" हातात नारळ असल्यामुळे त्यांना शाल काढता येईना, आणि नारळ ठेवावा तर टेबलावर जागा नाही. ते माझ्याकडे बघत होते, घामाघूम, डोळे विस्फारून. "मॅडम, सांगा ना यांना!"

"थांबा सर," मी म्हटलं, "उपप्राचार्य बोलतायत."

मग मी निघाले. आता मी बोईसरला एका क्लासमध्ये शिकवते आणि तो धडा दरवर्षी येतो. मुलं अजूनही नावं पाठ करतात आणि पेपरात ओकतात. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात तो धडा एकदाच कुणाला तरी इतका पटकन आणि इतका पूर्ण समजलेला मी पाहिला आहे, त्या दिवशी, त्या केबिनमध्ये.